वडवणीचा एक शेतकरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला पहिल्यांदा सांगायला हवं होतं तिला तर — थांबा, तिच्याकडे येतेच. तुम्ही जरा निवांत बसा. गोष्ट तशी मजेची आहे. नऊ वर्षं मी तिच्यावर पोट धरून हसत आले आहे, आणि हसून झालं की मला कुणाच्या नजरेला नजर देता येत नाही.

बीडमध्ये आमचं एक लहानसं कलादालन आहे. खाली जनावरांच्या औषधांचं दुकान, वर आम्ही. ऊन चढलं की औषधाला आलेली माणसं पंख्याखाली टेकायला वर येतात, आणि आलीच आहेत तर चित्रंही बघतात. उद्घाटनाचे पाहुणे दोन तास उशिरा येतात. तोवर चिवडा संपलेला असतो, दारातली रांगोळी तुडवलेली असते, आणि कुणीतरी खिळा ठोकताना बोट चेचून घेतलेलं असतं. तुम्हाला सांगू? माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस हेच. दिवाळीचीसुद्धा मी एवढी वाट बघत नाही.

वंदना आणि मी एकाच शाळेत. मी चित्रकलेची बाई, ती शिवणाची. डिप्लोमा माझ्याकडे, आणि रंग — रंग तिच्याकडे. ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे कशाशेजारी काय ठेवायचं ते तिच्या बोटांना कळायचं. घरी लपूनछपून मोठमोठे कॅनव्हास रंगवायची. तिला दालनात आणलं मीच. पहिलं प्रदर्शन दोघींचं मिळून. माझी कपिलधारच्या धबधब्याची जलरंगातली निसर्गचित्रं, आणि समोरच्या भिंतीवर तिचे राणी, पोपटी, झेंडू अशा रंगांचे नुसते तुकडे, एकाला एक भिडवलेले. त्यात ना झाड, ना घर, ना माणूस. पण बघणारा आपोआप हसायला लागायचा. जिना चढून दमलेली माणसं तिच्या भिंतीपुढे उभी राहिली की हलायची नाहीत. माझ्या धबधब्यापुढेही गर्दी होती, नाही असं नाही. पंखा तिथेच होता.

पोटात दुखलं का? दुखलं. फार दुखलं.

आता अभिप्राय वहीचं सांगते. आमच्याकडे प्रत्येक प्रदर्शनात दाराशी टेबलावर ती असते, आणि बघून झालं की पाहुण्याने तिच्यात लिहायचं, खाली नाव आणि गाव. सगळे लिहितात. ‘अप्रतिम’, ‘स्तुत्य उपक्रम’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. ज्याने चित्रांकडे पाठ करून चिवडा खाल्ला तोही ‘अप्रतिम’च लिहितो. वंदना मात्र रोज संध्याकाळी ती वही घरी नेऊन शब्द न् शब्द वाचायची. म्हणायची, एक तरी माणूस खरं लिहील की नाही?

त्या प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी एकटीच होते. मी — कसं सांगू — मी पेन डाव्या हातात धरलं आणि वहीत लिहिलं, ‘बाई, रंग लई केला. पर चित्र कुठं हाय?’ खाली नाव नाही, नुसतं ‘एक शेतकरी, वडवणी’.

एक संध्याकाळ तिचं तोंड उतरेल, एवढंच मला हवं होतं. झालं काय? सकाळी ती धावत आली, वही छातीशी धरून, आणि मला मिठी मारली. मला! म्हणाली, सगळे गोड बोलले गं, हा एकच खरं बोलला. आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या दिवसापासून तिने रंग सोडला. काळा, तपकिरी, राखाडी — बस.

एवढ्यावर थांबती तर ती वंदना कसली? त्या शेतकऱ्याला शोधायला ती वडवणीच्या आठवडी बाजारात निघाली, आणि सोबत कोण? मी. काय दिवस होता तो! गरम भजी खात, वही उघडून दाखवत आम्ही सगळा बाजार पालथा घातला. भेंडीवाल्याने अक्षर ओळखायला म्हणून वही उलटी धरली. माझं हसू आवरेना. कुणी सापडणारच नाही हे मला माहीत होतं ना, मग मला कसली काळजी?

मेंढ्यांच्या बाजारात सोपानमामा भेटले. सत्तरीचे, मिशा पांढऱ्या, खांद्यावर घोंगडी. मेंढ्यांचं औषध घ्यायला ते बीडला आले होते आणि खरोखरच वर येऊन चित्रं बघून गेले होते. तुम्हीच लिहिलंत ना मामा, असं वंदनाने इतक्या आशेने विचारलं की त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “व्हय. मीच आसंन.” भर बाजारात ती त्यांच्या पाया पडली.

तेव्हापासून प्रत्येक प्रदर्शनाचं उद्घाटन मामाच करतात. फेटा, शाल, नारळ. एखाद्या आमंत्रित चित्रकाराला सरळ विचारतात, “ही म्हस हाय का ढग?” आणि सगळं दालन खदखदून हसतं. वही पुढे केली की चष्मा इसरलो म्हणतात. दरवर्षी विसरतात. वंदनाची काळी चित्रं पुण्यामुंबईला लागली. मातीशी नातं, असं काय काय छापून आलं. चांगलीच आहेत ती चित्रं. पण डिप्लोमा माझ्याकडे आहे ना — मला कळतं. जिवंत होती ती पहिली. दोन तिने स्वतःच्या हाताने काळी रंगवून टाकली. बाकीची शाळेतल्या शिलाई मशीनवर झाकणं म्हणून गेली.

चार वर्षांपूर्वी मामांनी मला जिन्यात गाठलं. “ताई, मला कुठं लिवता येतंय? बाईचं तोंड बघून न्हाई म्हणवंना, म्हणून व्हय म्हनलो. खरं सांगू? त्यो रानी रंग मला लई आवडलता. घरी जाऊन मेंढ्यांच्या पाठीवर तसल्याच रंगाच्या खुणा केल्त्या.” मग हळूच म्हणाले, “बाईला सांगावं का?”

तुम्ही काय म्हणाला असता? मी म्हटलं, राहू द्या मामा, तिला उगाच वाईट वाटेल. ते ‘उगाच’ मी किती सहज म्हटलं! त्यांनी मान डोलावली. पुन्हा तो विषय काढला नाही.

यंदाच्या उद्घाटनाला दालन गच्च भरलं होतं. वंदनाने वही पुढे केली. मामा म्हणाले, “चष्मा न्हाई.” पण या वेळी तेवढ्यावर थांबले नाहीत. दारातल्या रांगोळीपाशी वाकले, जिभेवर ओला केलेला अंगठा राणी रंगात दाबला आणि सगळ्यांदेखत वहीच्या कोऱ्या पानावर उमटवला. “ह्यो माझा शेरा,” म्हणाले. काय टाळ्या पडल्या! वंदना तर सगळ्यांत जास्त हसत होती. हसत हसतच तिने त्या ठशाला हात लावला, आणि थोडा रंग तिच्या बोटाला लागला.

तिचं हसू थांबलं. तिने ते बोट उजेडात धरलं. अंगठ्याने हळूहळू चोळून पाहिलं, ब्लाउजपीसचा पोत बघावा तसं. मग भिंतीवरच्या आपल्या काळ्या चित्राकडे बघितलं, पुन्हा बोटाकडे. नऊ वर्षांत मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. मामा माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं.

मी पर्समधून रुमाल काढला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, पुसून घे, पाहुणे बघताहेत.

तिने बोट पुसून घेतलं.