टाकीच्या पाण्याला ओढ नसते

त्या सकाळी आम्ही दोघं नवराबायको ओट्यावर जवळा निवडत बसलो होतो. सूप मधे, एका अंगाला ती, एका अंगाला मी. निवडणं कमी आणि भांडण जास्त. भांडण नेहमीचंच, खुर्चीचं.

"कॉलेजच्या सरांनी मला खुर्ची दिलती," ती म्हणाली.

"नाय दिली. उभी होतीस तू."

"तुमी टाकीकडं बघत होता. तुमाला काय दिसनार?"

दुपारी जेवून ती आडवी झाली, ती उठलीच नाही. संध्याकाळी तिला पोचवून आलो.

मी चौथी शिकलेला खाडीचा माणूस. फुलवून लिहिता येत नाही. खुर्चीची गोष्ट तेवढी सांगतो.

तेव्हा नवी मुंबईचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. आमच्या गावाला, सारसोळ्याला, खाडी, होड्या आणि मागं भातशेती. आमचा मुलगा लांब चालत हायस्कूलला जायचा. हुतूतूत असा तयार, की ड्रिल मास्तर म्हणाले, "मार्क कमी पडले तरी कॉलेजवाले ह्याला हुतूतूवर घेतील. मी शब्द टाकतो." त्या शब्दावर आमचं घर चाललं होतं म्हणा. हिचा बाप होडी घेऊन गेला, तो परत आला नव्हता. पोरानं होडीवर जाऊ नये, एवढंच तिचं मागणं.

आणि अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्षी पोरानं हुतूतू सोडला. पोहण्यात नाव दिलं.

"का रं?" मी विचारलं.

"बाबा, मानसाला दाबून धरायला मला नाय आवडत."

"मग जा, भजनात बस!"

ती मधे पडली. "नाय आवडत तर नाय आवडत. तुमाला कुनी दाबून धरलं तर कसं वाटंल?"

मास्तर आमच्याशी बोलेनासे झाले. खाडीतल्या शर्यतीत पोरगा जिल्ह्यात पहिला आला खरा, पण मॅट्रिकला मार्क कमीच पडले. आता कुठलं कॉलेज घेणार? तरी आम्ही तिघं होडीनं मुंबईला गेलो. खेळाचे सर तोंडावर म्हणाले, "तीन वर्षं हुतूतू आणि एकच वर्ष पोहणं? हुतूतूवर आत्ता घेतला असता. पोहणाऱ्यांत एकच जागा उरलीय. दाखव पोहून."

पोरानं कॉलेजच्या पोहण्याच्या टाकीत उडी मारली आणि तिरकाच गेला. निम्म्यात बाजूच्या भिंतीवर आपटला. पुन्हा सोडला, पुन्हा भिंत. काठावरची पोरं हसायला लागली. एक म्हणाला, "अरे, हा तर खेकडा!"

काय झालं ते मला कळलं. खाडीत समोर बघून सरळ पोहाल तर पाणी भलतीकडे नेतं. म्हणून आमची माणसं ओढीच्या विरुद्ध अंगाला, जरा तिरकं तोंड करून पोहतात. मग पाणीच बरोबर जागेवर आणून सोडतं. टाकीतलं पाणी जागचं हलत नाही. पोरगा नसलेल्या ओढीशी भांडत होता.

मी म्हणालो, "चला घरी." ती ऐकते कुठं! लुगडं खोचून टाकीच्या पलीकडच्या टोकाला गेली आणि बाजारात ओरडते तशी ओरडली, "इकडं बघ रं! सरळ माज्यावर ये. हितं ओढ नाय!"

आला. मान वर काढून, आईवर नजर लावून, सरळ. सरांनी घड्याळ पाहिलं. मग पोराकडं पाहिलं. "मान पाण्यात घालायला शिकवावं लागेल," म्हणाले. "ये तू. जागा तुझी."

परतताना होडीत तिनं लुगड्याचा ओला काठ पिळला. मग म्हणाली, "सर चांगले हायत. मला खुर्ची दिली." भांडण तिथून सुरू झालं.

तिला पोचवलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मुलगा जेट्टीवर जाऊन बसला. आता त्याला टक्कल पडलंय, नोकरीही संपलीय. घरी येईना. शेजारणीनं आणून दिलेला चहा निवत चालला. मी काठी टेकत गेलो आणि जेट्टीच्या तोंडाशी उभा राहिलो. तिच्यासारखा आवाज काही निघाला नाही.

"इकडं बघ रं. सरळ माज्यावर ये. हितं ओढ नाय."

तो उठून आला. माझा हात धरला. चार पावलं गेल्यावर म्हणाला, "बाबा, सरांनी आयेला खुर्ची खरंच दिलती का वो?"

"दिलती," मी म्हणालो.