शेरिलचं फुप्फुस आणि माझं देवाशी भांडण

शेरिलला पाचव्यांदा न्यूमोनिया झाला, तेव्हा मी माळेवरची रोझरी म्हणणं बंद केलं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. आम्ही मूळचे वसईचे. माझा नवरा फ्रान्सिस एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला, आणि आम्ही राहायचो दुबईच्या पुढं, उम्म अल कुवैनला. मुलगी सात वर्षांची. दर तीन-चार महिन्यांनी तिला ताप भरायचा, डाव्या कुशीत दुखायचं, खोकून खोकून ती अर्धी व्हायची. औषधांनी उतार पडायचा आणि पुन्हा तेच. डॉक्टरांनी आधी वाळूची धूळ म्हटलं, मग एसी, मग दमा. पाचव्या खेपेला ताप गेला, पण कुशीतलं दुखणं राहिलंच, म्हणून मी तिला परत क्लिनिकला नेलं. डॉक्टरांनी तिच्या पाठीला हातसुद्धा लावला नाही. तिच्यासमोरच म्हणाले, "मॅडम, बुखार उतर गया ना? अब ये स्कूल न जाने का ड्रामा है."

बाहेर आल्यावर शेरिलनं माझा हात घट्ट धरला. "ममा, आय ॲम नॉट ॲक्टिंग," ती म्हणाली. तिचा तो आवाज आठवला की आजही माझं डोकं सणकतं. दुखण्याचं एक वेळ सोडा, पण आजारी लेकरावर स्वतःचं दुखणं पटवून द्यायची पाळी यावी?

त्या शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर प्रार्थनागटातल्या एक आंटी मला जवळ घेऊन म्हणाल्या, "देवाची इच्छा समजून स्वीकार गं, बाय." मी त्यांचा हात बाजूला केला आणि तशीच वेदीपुढे जाऊन उभी राहिले. गुडघे टेकले नाहीत. मनातल्या मनात त्याला स्पष्ट सांगितलं, 'ही तुझी इच्छा असेल तर मला ती मान्य नाही. मी ऐकणार नाही.' असं बोलायची माझी आयुष्यातली पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेरिलचे सगळे जुने एक्स-रे पिशवीत भरले आणि तिला घेऊन शारजाच्या मोठ्या इस्पितळात निघाले. फ्रान्सिस म्हणाला, "फाईल दाखव, पण भांडू नकोस हां." मी म्हटलं, "भांडायलाच चाललेय."

तिथं तासभर बसवून आम्हाला सांगण्यात आलं, आधी नवीन एक्स-रे काढा. एक्स-रेच्या खोलीत मात्र माझा तोल गेला. "अजून एक?" मी ओरडले, "ये पाँच हैं, पहले इनको तो देखो!" पिशवी टेबलावर अशी आपटली की फिल्म घसरून जमिनीवर पसरल्या. एक्स-रे काढणाऱ्या बाई सुदानी होत्या, वयस्कर, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांनी खाली बसून एकेक फिल्म उचलली, तारखा पाहून क्रमानं लावली आणि पाचही फिल्म उजेडाच्या पाटीवर ओळीनं टांगल्या. प्रत्येकीच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवत गेल्या. मग मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बाकी सब साफ होता है. ये नीचे का एक टुकडा, कभी साफ नहीं होता. पाँचों में वही जगह."

मी पाटीजवळ सरकून त्या जागा पाहिल्या.

"मेरा काम सिर्फ फोटो निकालना है," त्या म्हणाल्या, "बोलना मेरा काम नहीं. लेकिन यल्ला, मेरे साथ आओ." हातातलं काम दुसऱ्याकडे सोपवून, फिल्म घेऊन त्या आम्हाला थेट लहान मुलांच्या सर्जनकडे घेऊन गेल्या.

सर्जननी शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन केला आणि कागदावर चित्र काढून समजावलं. शेरिलच्या डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात एक जादा तुकडा जन्मापासूनच होता. श्वासनळीशी तो जोडलेलाच नव्हता, आणि त्याला रक्त पुरवत होती हृदयाकडून येणाऱ्या मोठ्या धमनीची एक वेगळी फांदी. आत साचलेलं बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून पुन्हा पुन्हा संसर्ग. तो तुकडा काढायलाच हवा होता. धोका होता तो त्या फांदीचा, नकळत कापली गेली तर रक्तस्राव आवरला नसता. आता ती दिसली होती, म्हणून आधी तीच बांधता येणार होती.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसले, तर मला एकही प्रार्थना आठवेना. देवाला एवढंच म्हणू शकले, 'मी अजून चिडलेलीच आहे. पण माझे हात आत पोहोचत नाहीत. तू धर तिला.' त्यानंतर पहिल्यांदा मला पाठ टेकून बसता आलं. दुपारी सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह, सब ठीक."

मिठाई घेऊन मी त्या सुदानी बाईंना शोधायला गेले. कळलं, कोणाच्या तरी रजेपुरत्या आठवडाभर आल्या होत्या. पत्ता कुणाकडेच नव्हता. त्याचा कोणता अर्थ लावायचा ते मी देवावर सोडलं. क्लिनिकच्या डॉक्टरांपुढे मात्र रिपोर्ट नेऊन ठेवला. "रेअर केस है," ते म्हणाले. आजार दुर्मीळ होता, मान्य. पण सात वर्षांच्या मुलीला खोटारडी ठरवलंत त्याचं काय, असं मी विचारलं. तो राग मी अजून सोडलेला नाही आणि सोडायला हवा असंही मला वाटत नाही. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असं मला लहानपणापासून शिकवलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी माझ्याकडे देवाला द्यायला रागाशिवाय काही नव्हतं, आणि त्यानं तोही घेतला.

शेरिल बरी झाल्यावर एका शुक्रवारी आम्ही तिघं चर्चला गेलो. मी गुडघे टेकले. माफी मागितली नाही. फक्त आभार मानत राहिले, किती वेळ कोण जाणे. शेवटी शेरिलनंच माझी ओढणी ओढली.

"ममा, खलास? आय ॲम सो हंग्री."