आदितवारची कहाणी आणि फुकटची सीडी

नवऱ्याच्या छंदाचे किस्से निर्माल्यासारखे असतात. रोज थोडे थोडे साचतात, टोपली भरते, आणि टाकून द्यायला मात्र हात धजत नाही. कानडी मुलखातल्या आमच्या येलहंक्याच्या घरातली टोपली सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास भरली. कारण एकच, लिनक्स!

आमचे हे कारखान्यात इंजिनिअर. रविवारी सकाळी धारवाडचे देसाई आणि वरच्या मजल्यावरचे मूर्तीअण्णा आमच्याकडे येत आणि तिघं कॉम्प्युटरपुढे बसत. मासिकासोबत आलेली एक सीडी होती, तिच्यात कॉम्प्युटर चालवणारं हे लिनक्स. त्यातलं सगळं जगभरातले लोक मिळून लिहितात आणि फुकट वाटतात म्हणे. हव्या तेवढ्या कॉप्या काढा, कोणी रागवत नाही!

मला तिथेच संशय आला. फुकट कोण देतं?

"अगं, प्रसाद समज," हे म्हणाले.

"मग प्रसाद घेऊन पाया पडताना कोणी दिसत नाही ते!"

"तीन रविवार आडवाच आहे की!" टेबलाखालून, वायरींच्या गुंत्यातून यांचं उत्तर आलं.

*

आडवं पडायचं कारण म्हणजे त्या लिनक्समध्ये आवाजच येत नव्हता. खेळ चालत, पण मुके. गाणी चालू आहेत असं नुसतं पडद्यावर दिसे.

एकदा स्वयंपाकघरात "धडाड! ढिशुम! सुंईई!" ऐकू आलं. आला वाटतं आवाज, म्हणून हात पुसत बाहेर आले. पाहते तर हे विमान उडवतायत, देसाई तोंडाने बाँब टाकतायत आणि बँकेत ऑफिसर असलेले मूर्तीअण्णा इंजिनाची घरघर काढतायत!

"एनायतु री?" काय झालं म्हणून त्यांच्या सौंनी वरून हाक मारली.

"स्वल्प टेस्टिंग!" अण्णा ओरडले, आणि घरघर पुन्हा सुरू.

*

मग यांच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी सापडली. २२०, ५, १. बाकी काही नाही.

तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर लॉटरीची दुकानं होती. हे लॉटरी लावतात की काय! विचारायचा धीर होईना. चिठ्ठीला हळदीकुंकू लावलं, देवाच्या पाटाखाली ठेवली आणि म्हटलं, बाबा, तूच काय ते बघ.

रविवारी त्या चिठ्ठीसाठी तिघांनी घर उलथंपालथं केलं. आवाजाच्या कार्डाचे नंबर होते ते! देसाईंनी फोनवर कोणाच्या तरी मिनतवाऱ्या करून मिळवले होते. मी गुपचूप चिठ्ठी आणून दिली. यांनी नंबर घातले, आणि पहिल्यांदा कॉम्प्युटर "टुंग" म्हणाला!

देसाईंनी दोन्ही हात जोडले. "वहिनी, पुढच्या वेळी आख्खा कॉम्प्युटरच पाटाखाली ठेवा!"

चिठ्ठी मी परत देवघरात नेऊन ठेवली.

*

मी श्रावणातले आदितवार करते. आदित्यराणूबाईची कहाणी उपाशी माणसाला ऐकवायची असते. ऐकणाऱ्याने हातात अक्षता धरायच्या आणि संपेपर्यंत उठायचं नाही. लग्न होऊन इतक्या लांब आले तेव्हा आईने ती कहाणी आपल्या आवाजात कॅसेटवर भरून दिली होती. पुढे आई गेली. तिचा आवाज उरला तो त्या एका कॅसेटवर.

रविवारची मंडळी आयती उपाशीच येत. उप्पीट मिळायचं ते कहाणीनंतर.

"वहिनी, कहाणीतला मोळीविक्यासुद्धा इतका वेळ उपाशी नसेल!" देसाई कुरकुरत. मूर्तीअण्णांना मराठी अर्धीच कळे, पण अक्षता त्यांच्याच मुठीत सगळ्यात घट्ट.

त्या श्रावणात आईचा आवाज मधेच जाड, मधेच बारीक यायला लागला. टेप झिजली होती.

"लिनक्समध्ये भरून घेऊ," हे म्हणाले.

"फुकटच्या यंत्रात मी आईला घालणार नाही!"

शेवटी चाचणी म्हणून आमच्या भजनी मंडळाची कॅसेट दिली. परत मिळाल्यावर, यंत्राने काही ठेवून तर घेतलं नाही ना म्हणून, दोन्ही बाजू ठाण मांडून ऐकल्या.

"एखादा शब्द कमी भरला का गं?" यांनी विचारलं.

"अजून तरी नाही!" मी म्हटलं.

*

तिसऱ्या आदितवारी मी होकार दिला. तर डिस्कवर जागा नाही! यांनी आपला विमानाचा खेळ काढून टाकला. देसाईंनी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळलं.

टेपरेकॉर्डरपुढे माइक ठेवला. "आता कोणी चकार शब्द काढायचा नाही," यांनी बजावलं. आम्ही अक्षता धरून बसलो. आईच्या आवाजाबरोबर पडद्यावर हिरव्या रेघा उड्या मारू लागल्या. कहाणीत नागकन्या बोलणार, तेवढ्यात आईने दम घेतला. रेघा सपाट झाल्या.

माझा जीवच गेला. "अहो, बंद करा! गिळलं आईला!"

तिघांनी माझ्याकडे नुसते डोळे वटारले. तोवर आई पुढे बोलूही लागली होती.

"पुन्हा भरू या?" कहाणी संपल्यावर यांनी विचारलं.

"नको. तिला किती दमवायचं?"

*

पुढच्या आदितवारी टेपरेकॉर्डरने कॅसेट ओढली. फर्रकन टेप तुटली. तपकिरी फीत हातात घेऊन मी उभी राहिले.

"कॉम्प्युटर लावा," मी म्हटलं.

यांचा चेहरा पडला. आदल्या दिवशी लिनक्सचं नवीन व्हर्जन टाकलं होतं. आवाज पुन्हा गेला होता.

मी देवघरात गेले. पाटाखालची चिठ्ठी काढली. हळदीतून आकडे नीट दिसत होते.

"दोनशे वीस," मी वाचलं. "पाच. एक."

यांनी नंबर घातले. तरी शांतता. एक वायर हलवून बघतो म्हणून हे टेबलाखाली शिरले, आणि खरखर झाली. मग आई! मी धावत अक्षता वाटल्या. यांनी टेबलाखालूनच हात पुढे केला. आता कहाणी संपेपर्यंत उठायची सोय नव्हती.

आई सांगत गेली. आवाज जाड नाही, बारीक नाही. नागकन्येपाशी आली, दम घेतला, आणि स्पीकरमधून मीच किंचाळले, "अहो, बंद करा! गिळलं आईला!"

देसाईंनी तोंड दाबून धरलं. मूर्तीअण्णांच्या अक्षता सांडता सांडता राहिल्या.

आणि आई, जणू सगळं ऐकूनच, शांतपणे म्हणाली, "तुला वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात टेबलाखालून अक्षतांची मूठ वर आली आणि मागोमाग यांचा आवाज.

"उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही!"