भरल्या घागरीचा रस्ता

तळेगावात आमच्या आळीचा उतार म्हणजे सायकलवाल्यांना मोकळं रानच! एकानं माझ्या जावेला घागरींसकट पाडलं, तेव्हापासून ती विहिरीवर यायला धजेना. मग एक दिवस खाकी टोपीवाला ओव्हरसियर आला. नाव कुणी विचारलं नाही बाई. मोजायची साखळी खाली टाकून मला म्हणाला, "वहिनी, भरल्या घागरी घेऊन चाला बरं." मी चालले, आणि तो वाकून माझ्या पावलांच्या कडेनं पांढऱ्या फक्कीची रेघ ओढत आला.

सासूबाई ओरडल्या, "अवो भाऊ, सुनंला रांगुळीत चालवता व्हय?"

"मावशी, रिकाम्या माणसाला कुठंही वळता येतं. भरल्या डोक्याला नाही."

रेघेवर दगड बसले. सायकली पलीकडून, आम्ही अलीकडून. त्या संध्याकाळी सायकलची घंटी वाजली तशी मी थबकले. मागून जाऊ खेकसली, "चल की गं, आपला रस्ता हाय!"