नळ चावतो, असं जिजी म्हणाली होती

हे वाचायला बसशील तेव्हा खुर्ची जरा पुढे ओढून घे पोरी, म्हणजे मी तुझ्या शेजारी बसले आहे असं वाटेल. आणि आधी माझी बोलणी खा.

परवा फोनवर तू कौतुकाने सांगितलंस, "काकू, वॉशिंग मशीनला हात लावला की झिनझिन होता है. तो मैंने नीचे रबर की मॅट डाल दी. अब कुछ नहीं होता." आणि जावई काय म्हणाले? "वहम है तुम्हारा." अगं शहाणे, मॅट घातल्याने करंट कुठे जातो? तो मशीनच्या पत्र्यावर जसाच्या तसा आहे. तू तेवढी मॅटवर चढून उभी राहिलीस. उद्या तुझी कामवाली अनवाणी येईल. लेक आंघोळ करून ओल्या पायांनी टॉवेल टाकायला येईल. ती कुठे मॅट बघत बसणार आहे?

मी गप्प झाले तेव्हा तुला वाटलं, रेंज गेली. रेंज होती. तुझ्या आईचा पाय घसरला नव्हता, हे तुला कसं सांगावं ते मला सुचेना. म्हणून लिहिते आहे. तोंडाने सांगायला गेले तर मी मध्येच काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईन. बारा-तेरा वर्षं तेच केलं आहे.

माझं शिक्षण आठवीपर्यंतचं, तेही मऊरानीपुरात, हिंदी शाळेत. मराठी काय ती घरात ऐकून आलेली आणि वर्तमानपत्राची पानं जमवून वाचलेली. लग्न होऊन इथे आले तेव्हा तुझ्या आईला वहिनी म्हणायला लागले, तर ती म्हणाली, "इकडे मोठ्या बहिणीला जिजी म्हणतात. तू मला जिजी म्हण. वहिनी म्हटलं की उगाच सासूची धाकटी बहीण झाल्यासारखं वाटतं." अशी ती. खाली तुम्ही, वर आम्ही, चौक एक आणि पाणी एक. खिडकीतून बडा बाजाराचा गलका यायचा आणि चौकातून जिजीचा.

चौकाच्या कोपऱ्यात पाण्याची मोटर होती, हौदातलं पाणी वर टाकीत चढवणारी. तिच्यापासून लोखंडी पाइप भिंतीने जाऊन घडवंचीवरच्या नळाला मिळायचा. सकाळी तो नळ जिजीचा. आंघोळ करून ओलेत्याने येणार, मोटर लावणार, देवाचं पाणी भरणार. तोवर तिला कुणी शिवायचं नाही आणि पायात काही घालायचं नाही. पुजाऱ्यांच्या घरातली मुलगी ती. आपल्या घराने सोवळं कधीचंच सोडलं होतं, तिने एकटीने धरून ठेवलेलं.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता मोटर लावली की फ्यूज उडायला लागला. रोज. तुझे बाबा दात घासताघासता ओरडायचे, "उडाला बघ पुन्हा!" आणि तुझे काका वरून तार घेऊन खाली यायचे. सरकारी कारखान्यात इंजिनियर. मोठमोठी विजेची यंत्रं तिथे ते तपासून पास करायचे. घरातल्या फ्यूजला हात लावायचा तो त्यांनीच. गल्लीतसुद्धा कुणाचा कूलर बंद पडला की "इंजिनियर साब को बुलाओ."

एका रविवारी त्यांनी मोटरचा बोर्ड उघडला, दहा मिनिटं काही केलं आणि बंद केला. "आता नाही उडणार." आणि खरंच उडाला नाही. जिजीने त्या दिवशी मुद्दाम त्यांच्यासाठी अळूवड्या केल्या. मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या हातात जादू आहे गं."

आठवड्याभराने तीच म्हणाली, "हा नळ चावतो मेला."

"चावतो म्हणजे?" तुझ्या बाबांनी विचारलं.

"चावतो म्हणजे चावतो. मुंग्या आल्यासारखं होतं पार कोपरापर्यंत."

"वय झालं," तुझे बाबा म्हणाले. "मानेचा मणका दाखवून घे."

तुझे काका कामावर निघालेले, पायात कारखान्याचे जाड रबरी तळाचे बूट. त्यांनी जाताजाता नळावर पंजा ठेवला. "कुठे काय आहे, जिजी?" मग टेस्टर आणून टेकवला. चौकात ऊन भरलेलं. त्या उन्हात टेस्टरचा दिवा लागला काय आणि विझला काय, दिसतंय कुणाला? "बघा, काही नाही. वहम है आपका." हसले आणि गेले.

नीट वाच पोरी, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पुरुष नळाला हात लावायचे ते बूट घालून. बायका लावायच्या ओल्या फरशीवर अनवाणी. बूट घालणाऱ्याला नळ चावत नाही. एवढी साधी गोष्ट एका इंजिनियरला कळली नसेल? मला अजून वाटतं, कळली असेल. पण आपण केलेलं काम चुकलं म्हणायचं, तेही बायकांनी सांगितलं म्हणून, हे काही त्यांच्याने होईना.

आणि माझं काय, ते आता सांगते. मलाही चावायचा. दुपारी भांडी घासताना दोनदा चावला. मी काय केलं? निळ्या पट्ट्याची स्लीपर घालून नळाशी जायला लागले. झालं, माझ्यापुरतं मिटलं. जिजीला म्हटलं, "तुम्ही पण घाला." ती म्हणाली, "सोवळ्यात चप्पल? देव हसतील मला." मी पण हसले. पुन्हा विषय काढला नाही. ह्यांना म्हटलं नाही, दादांना, म्हणजे तुझ्या बाबांना, म्हटलं नाही, बाजारात चार दुकानांवर बिजलीवाला मिळतो, त्यालाही बोलावलं नाही. तू मॅट घातलीस ना, तशी मी स्लीपर घातली.

श्रावणात चौक वाळायचा बंद झाला. त्या सोमवारी मी वर पोळ्या लाटत होते. खालून हाक नाही, किंकाळी नाही, फक्त पितळी घागर आपटल्याचा आवाज. धावत आले तर जिजी दगडी फरशीवर आडवी, डोळे उघडे, उजवा हात छातीशी आवळलेला. मोटर चालूच. तेवढं मला सुचलं, कोरडं लाकडी लाटणं हातात होतं, त्याने बटण पाडलं आणि मग तिला हात लावला.

तुझे काका आले, त्यांनी एकदा नळाकडे बघितलं, एकदा मोटरकडे. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. मग म्हणाले, "पाय घसरला. शेवाळ धरलंय इथे."

शेवाळ! तो चौक मी रोज खराट्याने घासायची. खाली पडलेला घास उचलून तोंडात घालावा, असा चौक.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सगळे तिला घेऊन हॉस्पिटलात गेले. मी घर सांभाळायला मागे. आधी खालचं मेन बंद केलं, मग शिवणाच्या मशीनचा पेचकस काढला आणि जन्मात पहिल्यांदा विजेचा बोर्ड उघडला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एवढं दिसलं की बाकी सगळ्या तारा कुठे ना कुठे जोडलेल्या आहेत आणि एक हिरवी तार तोडून, तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळून, कोपऱ्यात सारून ठेवली आहे.

ती अर्थिंगची तार. मोटरमधून करंट गळायला लागला की तो त्या तारेने जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. रोज फ्यूज उडत होता तो त्यासाठीच, की मोटर खराब झाली आहे, बघा. तुझ्या काकांनी मोटर उघडून बघण्याऐवजी ती तारच तोडली. फ्यूज उडायचा थांबला. करंट पाइपात शिरला. पाइपाच्या टोकाला जिजी.

संध्याकाळी ते कपडे न्यायला घरी आले तेव्हा मी विचारलं, "हिरवी तार कुणी तोडली?"

ते पायरीवर बसले. म्हणाले, "जोडतो. मोटर पण बदलतो. तू बोलू नकोस. दादा मला दारात उभं करणार नाही."

"आणि जिजी?"

"जिजीला कळून काय तिचं हाड जुळणार आहे?"

मी बोलले नाही. बघ किती सोपं असतं.

त्यानंतर ह्यांनी जिजीची जी सेवा केली ती तू पाहिलीस. ग्वाल्हेरला नेलं, वॉकर आणला, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. जिजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "असा दीर मिळायला भाग्य लागतं." आणि ते खाली मान घालून ऐकायचे. लोकांना वाटायचं, किती नम्र माणूस. मला तिथे उभं राहवायचं नाही. मी चहा ठेवायला आत जायची.

त्यांच्या कामावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच. बडा बाजारातल्या एका बिजलीवाल्याच्या दुकानाशी मी भाजीची पिशवी घेऊन उभी राहायची. "भैया, ये क्या है? वो तार कहाँ जाती है?" आधी तो हसायचा. मग स्टूल द्यायला लागला. त्याच्याकडून होल्डर बदलायला शिकले, कूलरचा पंप शिकले, तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन अर्थिंगची असते ते शिकले. ती बाकी दोघींपेक्षा लांब असते, म्हणजे आधी ती आत जाते. लोक तीच कापतात किंवा दोन पिनांच्या जोडणीत खुपसतात आणि वर म्हणतात, काम चालतंय ना. गल्लीतल्या बायकांनी मला बिजलीवाली चाची करून टाकलं. कुणी म्हणालं की फ्रीज झिनझिन करतो, तर मी आधी विचारते, "अनवाणी करतो का चप्पल घालून?" आणि अनवाणी म्हणाली की लगेच प्लग काढायला लावते. घरचे पुरुष म्हणतात, चाची फार डरवते. डरवते तर डरवते.

तुझे काका गेले तेव्हा जिजी माझ्याहून जास्त रडली. तुला आठवत असेल. आणि मागच्या वर्षी तिची स्वतःची वेळ आली. तू स्वयंपाकघरात तिची पेज गाळत होतीस. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "त्या दिवशी मी घाई केली गं. जरा जपून पाय टाकला असता तर तुम्हा सगळ्यांना इतकी वर्षं माझं करावं लागलं नसतं. धांदरट मी पहिल्यापासून. माफ कर मला."

माझी माफी मागत होती, पोरी. ह्यांचं नाव राखायलाही आता कारण नव्हतं, दादाही आधीच गेलेले, कुणी कुणाला दारातून घालवणार नव्हतं. एक वाक्य होतं. जिजी, तुमचा पाय घसरला नाही, तुमचं काही चुकलं नाही, नळ खरंच चावत होता. मी म्हटलं, "असू दे हो जिजी, पडा तुम्ही." तू पेज घेऊन आलीस. चार दिवसांत ती गेली, स्वतःला धांदरट म्हणत.

ह्यांनी तार तोडली, हे मी त्यांना कधी माफ केलं नाही. पण त्यांना निदान आपण काय केलं याची लाज तरी होती. मी तर त्यांना बोल लावून आपल्या जागी सुखात बसले. तार त्यांनी तोडली, वाक्य मी गिळलं. आता सांगून मला हलकं वाटतंय म्हणशील, तर तसंही नाही. तुझ्या आईचं होतं ते तुला देते आहे, उशिरा.

आता मशीनचं ऐक. प्लग काढून ठेव, कपडे हाताने धू चार दिवस. जाणता बिजलीवाला बोलाव आणि त्याला म्हण, घराचं अर्थिंग माझ्यासमोर तपास, मशीनचं सॉकेट उघडून हिरवी तार आहे का दाखव. नुसती तार असून भागत नाही, ती खाली जमिनीपर्यंत पोचते का तेही बघायला सांग. आणि करंट गळला की आपोआप पडणारा स्विच मेनवर बसवून घे. त्याने टेस्टर लावून "कुछ नहीं है, मॅडम" म्हटलं तर त्याला जाऊ देऊ नकोस. जावयांना मी बोलते हवं तर, तुझी भीड पडत असेल तर. ते मला घाबरतात, ते बरंच आहे.

आणि मग ये. हे वाचून माझा राग येईल, यायलाच हवा. दोन दिवस फोन करणार नाहीस, तेही चालेल. पण राग तिकडे भोपाळला घेऊन बसू नकोस, इथे घेऊन ये आणि माझ्यासमोर बोल, हिंदीत बोल, कसंही बोल. सकाळच्या गाडीत बसलीस तर जेवायच्या वेळेला पोचशील. मी वरणभात लावून ठेवते. लवकर ये पोरी.