बटणांतला लाल

कुर्बान शेख यासीन हा गाड्यांच्या वायरिंगचा कारागीर. अकोल्यात अकोट स्टँडच्या मागे त्याचं पत्र्याचं दुकान होतं. बिघाड कुठंही दडून बसलेला असो, कुर्बान तो हुडकून काढायचा, आणि गिऱ्हाईकं त्याच्या हाताला नावाजायची. नावाजत नव्हता तो एकच माणूस, त्याचा बाप यासीनमिया. त्याच्या लेखी कुर्बान म्हणजे बेपर्वा, कामात लक्ष नसलेला पोरगा. पोरगा पंचेचाळिशीला टेकला तरी हे मत तसूभर हललं नव्हतं. आणि खरी गोम अशी, की मनातून कुर्बानलाही बापाचंच खरं वाटायचं.

त्याला कारण होतं. हिवरखेडला यासीनमियाचं वावर होतं, त्यात कपाशी आणि एका पट्ट्यात मिरची. लहानपणी कुर्बानला लाल मिरच्या तोडायला बसवलं की टोपलीत निम्म्या हिरव्या निघायच्या. भावंडं भराभर तोडून मोकळी व्हायची. हा एकेक मिरची दाबून, हुंगून बघत बसायचा आणि तरी चुकायचा. मग पाठीत धपाटे. मिसरूड फुटल्यावर बापाने एकदा त्याला कपाशी पाहून यायला धाडलं. कुर्बान बांधावर उभा राहिला, चहूकडे नजर फिरवली आणि घरी येऊन म्हणाला, पीक झकास आहे. पुढे यासीनमिया स्वतः गेला तर निम्म्या पराटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, लाल्या रोग पडलेला, पानंच्या पानं लाल. त्या दिवशी त्याने पोराला मारलं नाही. "तू वावराच्या कामाचा नाही," एवढंच म्हणाला. मार परवडला असता. त्यांच्या घरात बोली हिंदी-उर्दूची, पण यासीनमियाचं सगळं आयुष्य वावरात गेलेलं, त्यामुळे त्याचा राग कायम वऱ्हाडीतून निघायचा आणि पोरालाही उत्तर वऱ्हाडीतच द्यावं लागायचं. या वेळी कुर्बानने अकोल्याचा रस्ता धरला आणि एका मिस्त्रीच्या हाताखाली वायरिंग शिकला.

तिथे त्याने स्वतःची एक रीत बसवली. वायरीच्या रंगावर जायचं नाही, प्रत्येक वायरीला टेस्टर लावायचा. लोकांना वाटायचं, काय हा काटेकोर माणूस! कुर्बानच्या मते लोक रंगांचा उगाच बाऊ करतात. लाल आणि हिरवा हे त्याच्या दृष्टीने अगदी शेजारशेजारचे रंग. फिकट चहा आणि कडक चहा यांच्यात असतो तेवढाच फरक. नीट लक्ष दिलं तर ओळखू येतो, आपलंच लक्ष नसतं, असं तो स्वतःला बजावायचा. घरात बायको, अनीसा, त्याचे कपडे काढून ठेवायची आणि हा निमूटपणे घालायचा. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

घोडं अडलं ते जानरावच्या गाडीपाशी.

जानराव अकोटकडचा कपाशीचा कास्तकार. ती वर्षंच कपाशीवाल्यांच्या मुळावर आलेली. पीकपाहणीची सरकारी पथकं यायची, फोटो निघायचे, आणि कास्तकाराच्या पोराला मात्र कुणी पोरगी द्यायला तयार नसायचं. जानरावच्या शिवमला कितीतरी घरांनी नकार दिला होता. शेवटी नांदगाव खंडेश्वरच्या एका घराने "या, बसू, बोलू" म्हटलं, तेव्हा जानरावने जुनी का होईना, एक चारचाकी आणली. बाहेरून गाडी ठीक होती. आत बटणांमधले दिवे मात्र आधीच्या मालकाने आपल्या लहरीप्रमाणे बदललेले. काच खाली करायचं बटण निळं, एसीचं जांभळं, आणि बाकीची मेलेली.

"सारे लाल करून दे," जानराव म्हणाला. "उद्या पोरीच्या बापाले गाडीत बसवून चक्कर मारतो. अंधार पडल्यावर लाइट लावले की आतून कसं, एकसारखं दिसलं पाहिजे. लाल म्हणजे लालच हां. यंदाच्या आमच्या पराटीसारखा."

आणि स्वतःच मोठ्याने हसला. त्या वर्षी पुन्हा लाल्या आला होता. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणूनच बहुधा हसला.

दुकानातल्या बाकावर यासीनमिया बसला होता. नुकतंच त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तो मुलाकडे मुक्कामाला होता. काळा चष्मा उतरल्यापासून म्हाताऱ्याला कौतुकाचं भरतं आलं होतं. सकाळी अनीसाने दूध दिलं तर ग्लास उजेडात धरून म्हणाला, "दूध पांढरं असते होय! मले वाटे आपली म्हैसच पिवळं देते." दिवसभर तो रस्त्यावरच्या साड्या, पाट्या, फुगे बघत बसायचा. पण पराटीचं नाव निघालं आणि त्याचा जुना राग जागा झाला.

"त्याले पराटी नका सांगू भाऊ," तो जानरावला म्हणाला. "अर्ध्या वावरात लाल्या, अन् हा बांधावर उभा राहून म्हणते पीक झकास हाय. लक्षच नसते त्याचं."

कुर्बानने मान खाली घातली. गिऱ्हाइकासमोर बापाने असं बोलावं, याचं वाईट वाटलं, पण तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

तो कामाला लागला. पूर्वी बटणांमध्ये इवलासा बल्ब असायचा, वर रंगीत रबराची टोपी. टोप्या वेगळ्या पुडीतून यायच्या, पुडी सांगून घेतली की काम भागायचं. आता तांदळाच्या कणीएवढे एलईडी आले होते. विझलेले असले की सगळे काचेसारखे, पेटल्याशिवाय रंग कळायचा नाही. कुर्बानकडे दोन पुड्या होत्या, एक लाल, एक हिरवी. पुड्या उघडताना कोपर लागलं, दोन्ही टेबलावर सांडल्या आणि कण्या एक झाल्या. कुर्बानने मनाशी म्हटलं, हरकत नाही, लक्ष देऊन निवडू. बॅटरीच्या दोन वायरी लावून त्याने एकेक कणी पेटवली आणि त्याला जे कडक चहासारखे वाटले ते लाल म्हणून बाजूला काढले. मग बटणांवरची पट्टी उचकटली, बटणं सोडवली, जुने दिवे काढून नवे कथलाचा डाग देऊन बसवले. काम देखणं झालं. उन्हात दिवे दिसेनात म्हणून त्याने पुढच्या काचेवर चादर टाकली आणि जानरावला आत बोलावलं.

जानरावने लाइट लावले आणि बघतच राहिला.

"हे काय लावून राहिला बाप्पा? एक लाल, एक हिरवा, दोन लाल, मंग पुन्हा हिरवा! मी पोरगी पाहाले चाललो का मांडव सजवाले?"

कुर्बान डोकावला. त्याला सगळी बटणं एकसारखी दिसत होती. एखादं जरा उजळ, एखादं जरा मंद, बस्स. त्याला वाटलं, जानराव थट्टा करतो आहे. तो हसला. जानराव हसला नाही.

"सारे लालच आहेत भाऊ," कुर्बान म्हणाला.

"मी का आंधळा हाय?" जानराव उखडला आणि त्याने समोरच्या टपरीवरून चहावाल्या श्रावणला हाक मारली. श्रावणने किटली खाली ठेवली, गाडीत डोकं घातलं आणि म्हणाला, "लाल-हिरवे हाय ना. मस्त दिसते पण."

कुर्बानला वाटलं, दोघांनी संगनमत केलं. पण कशासाठी? श्रावण रोजचा माणूस, त्याला काय मिळणार? त्याने मुकाट्याने सगळे दिवे पुन्हा काढले. पुन्हा एकेक पेटवला, डोळे ताणून, श्वास रोखून बघितला, एवढं लक्ष त्याने निकाह कबूल करतानाही दिलं नसेल. पुन्हा बसवले. जानरावने लाइट लावले आणि कपाळावर हात मारला. आता हिरवे वाढले होते.

कुर्बानने डोळे चोळले. डोळ्यांत काही गेलं म्हणावं, तर बारीक स्क्रू स्पष्ट दिसत होता. कुणाची नजर लागली म्हणावं, तर या पत्र्याच्या दुकानावर जळणारं कोण आहे? की बाप म्हणतो तेच खरं, आपण लक्ष देतो असं आपल्याला फक्त वाटतं आणि मन भलतीकडेच असतं? पण भलतीकडे म्हणजे कुठे? मन तर आत्ता या बटणांतच होतं. मन जिथे आहे तिथे असूनही लक्ष नसेल, तर माणसाने करायचं काय? तो पकड हातात धरून नुसता उभा राहिला. भीती वाटत होती, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं. वावर असंच सुटलं होतं. आता दुकानही सुटणार, असं मात्र आतून वाटत होतं.

"पाहून राहिला ना?" यासीनमिया जानरावला म्हणाला. "मिरच्या तोडाले बसवला तरी असाच. लाल सांगितल्या की हिरव्या तोडे."

जानराव चिडलेलाच होता, पण हे ऐकून तो एकदम थांबला.

"लाल सांगितल्या की हिरव्या?" त्याने विचारलं. मग कुर्बानकडे नीट बघत म्हणाला, "माह्या साळ्याचं असंच होतं. एसटीत ड्रायव्हर होणार होता. डाक्टरनं रंगीत ठिपक्यायचं पुस्तक दाखवलं. सगळ्यायले त्यात आकडा दिसे, त्याले नुसते ठिपके. काढून देला त्याले. डोळे एकदम चांगले, पण लाल-हिरवं एकच दिसते म्हणे. जन्मापासूनच."

कुर्बानला यातलं अर्धंच कळलं. डोळे चांगले असून एकच दिसतं, म्हणजे काय? आणि इतरांना एकच दिसत नसेल, तर मग काय दिसतं? त्याने बापाकडे पाहिलं. काहीतरी टोमणा येईल म्हणून तो थांबला होता.

टोमणा आला नाही. यासीनमिया बाकावर ताठ बसला होता आणि नव्या डोळ्याने मुलाकडे एकटक बघत होता. आठवडाभरापूर्वीपर्यंत त्याच्यासाठी दूध पिवळं होतं आणि कुणी पांढरं म्हटलं असतं तर त्याने भांडण काढलं असतं. डोळा खोटं बोलतो आणि माणसाला पत्ता लागत नाही, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

"तू मले सांगितलं कावून नाही?" त्याने विचारलं. आवाज रागाचाच होता, पण त्यात राग नव्हता.

"मलेच कुठं माहीत होतं अब्बा?" कुर्बान म्हणाला. "मले वाटे सगळ्यायले असंच दिसते. तुमी लक्ष देता म्हणून ओळखता, अन् माह्यं लक्ष नाही म्हणून मले जमत नाही."

श्रावणने किटली उचलली आणि तो हळूच सटकला. जानराव उगाच गाडीचा आरसा पुसू लागला.

यासीनमिया उठला. काठी टेकत गाडीपाशी आला, मागचं दार उघडून आत बसला आणि म्हणाला, "आन त्या कण्या इकडे. बॅटरी बी आन. अन् ते चादर पुरती टाक."

कुर्बानने चादर मागच्या काचांवर ओढली आणि बापाशेजारी बसला. आत अंधार झाला. कुर्बानने पहिली कणी वायरींना लावली.

"लाल," बाप म्हणाला.

दुसरी लावली. "हिरवा." तिसरी. "हाही हिरवा." बाप सांगेल तसं कुर्बान दोन डब्यांत टाकत गेला. बाप घाई करत नव्हता. लहानपणी मिरचीच्या पट्ट्यात तो असा शेजारी कधी बसला नव्हता, मागे उभा असायचा. कुर्बानला एकदम हलकं वाटत होतं. एवढं कळलं, की इतकी वर्षं तो लक्ष देत होता. खूप लक्ष देत होता.

एका कणीपाशी यासीनमियाने त्याचा हात धरून ठेवला.

"हे लाल हाय. चांगली लालभडक. तुले कशी दिसते?"

हा प्रश्न कुर्बानला आजवर कुणी विचारला नव्हता. रंगाचं नाव घ्यायची भीती वाटली, म्हणून त्याने डोळ्यांसमोर जे आलं ते सांगितलं.

"कडब्यासारखी."

"अन् हिरवी?"

"ते बी कडब्यासारखीच. जरा नवा कडबा."

बाहेरून जानराव विचारत होता, झालं का म्हणून.

"म्हणजे मी तुले कडब्यात मिरच्या हुडकाले बसवत होतो," म्हातारा म्हणाला. "अन् वरतून मारत होतो."

कुर्बान काहीतरी बोलायला गेला, पण बापाने त्याचा हात दाबला आणि डोळा पुसला. डॉक्टरने डोळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.

"लाव पुढची," तो म्हणाला. "मी सांगतो तुले."