वाढीची पट्टी

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा, आणि त्यानं माझ्याच घरात माझ्या हातातली तेलाची वाटी ओढून घेतली.

"पोदुम, अण्णा! पुरे झालं. रगडू नका तिला!"

चेन्नईजवळ आवडी गावात तो आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. तंजावरकडचा मराठी. जन्मभर इस्पितळात प्लास्टर घालून रिटायर झालेला. बोलणं मराठी, सूर सगळा तमिळ. गल्लीत कुठलंही पोर पडलं की हा धावायचा, हाडाचं टोक अंगठ्यानं हलकेच दाबायचा आणि पोराच्या तोंडाकडे बघत राहायचा. पोरं त्याला बघून पळायची.

माझी नात तेव्हा आठ वर्षांची. सायकलवरून पडली, उजवं मनगट सुजलं. तीन दिवस मी गरम तेलानं चोळत होतो. ती किंचाळायची. मी म्हणायचो, "मुरगळलंय. कळ सोसली की बसतं."

"मोठ्यांचं मुरगळतं, अण्णा. पोरांच्या हाडाच्या टोकाला मऊ पट्टी असते, हाड तिथून वाढतं. तीच मोडली असेल तर?"

"चाळीस वर्षं मनगटं बसवतोय मी! कारखान्यात जाऊन विचार."

"कारखान्यातली माणसं वाढून झालेली होती."

सून फिस्सकन हसली. माझ्या घरात! पण इस्पितळात काढलेल्या हाडाच्या फोटोत तेच निघालं. पट्टीच मोडली होती.

प्लास्टर निघालं, हात हलायला लागला, माझ्यापुरता विषय संपला. हा मात्र दर रविवारी जिन्यात उभा.

"पुन्हा फोटो काढला? मोडलेली पट्टी कधी मध्येच वाढायची थांबते, अण्णा. शेजारचं हाड वाढतं, हे राहतं. वाढ पुरी होईपर्यंत बघत राहायचं."

सून न्यायला निघाली की मी अडवायचो. बऱ्या पोरीला इस्पितळ कशाला? शेवटी एकदा त्याला म्हणालो, "तू डॉक्टर नव्हेस. प्लास्टर भिजवणारा गडी आहेस."

"सरी, अण्णा. बरं," म्हणाला आणि उतरून गेला. पुन्हा वर आला नाही.

राग आला ना वाचून? यायलाच पाहिजे. मला तर माझ्यासारख्या सगळ्याच थेरड्यांचा येतो. घरोघरी एक बसलेला असतो. पोर ओरडतंय आणि हा म्हणतोय, भरेल आपोआप. कुणी तोंडावर सांगायला आलं की त्याची लायकी काढायची. शिक्षण चौथी, आणि अक्कल सगळ्या जगाला शिकवायची!

दोन वर्षांनी पोंगलच्या आठवड्यात तो गेला. तेराव्याला नात पंगतीत केळीची पानं मांडत होती. दोन्ही हात पुढे केलेले. उजवा पंजा अंगठ्याकडे कललेला, करंगळीच्या बाजूचं हाड वर आलेलं. रोज माझ्यासमोर जेवणारी पोर, आणि मला ते आज दिसलं. वर बघितलं. विचारायला कोण होतं? भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं नातीला इस्पितळात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी मनगट उलटंसुलटं करून बघितलं आणि चिडूनच विचारलं, "इतके दिवस आणलं का नाही?"

"मी आणू दिलं नाही," मी म्हणालो.